माणूस काही लहान होत नाही

इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यात डफिल्ड नावाचं गाव आहे. तिथल्या टेकडीच्या उतारावर, आपल्याच घराच्या आवारात, आर्थर हेवूड या तरुणाने १८७४ साली रेल्वे बांधायला घेतली. वय पंचविशीचं, घराणं श्रीमंत, शिक्षण केंब्रिजचं. उमराव घरातल्या मुलाने इंजिनियर म्हणून नोकरी धरावी हे त्या काळच्या त्याच्या समाजाला रुचणारं नव्हतं, म्हणून त्याने कारखानाच घरी आणला. रेल्वेचा नाद लहानपणापासूनचा होता. आधी चार इंच गेजचं, म्हणजे दोन रुळांमध्ये तेवढं अंतर असलेलं, मॉडेल झालं, मग धाकट्या भावंडांना बसवून फिरवता येईल अशी नऊ इंच गेजची गाडी झाली. नऊ इंच म्हणजे एक वीत. वीतभर अंतरावरच्या दोन रुळांवर माणसं बसवली की तोल भरवशाचा राहत नाही, हे हेवूडला तिथेच कळलं. डफिल्डला त्याने १५ इंच, म्हणजे ३८१ मिलिमीटर, गेज धरलं. माणसांची आणि मालाची निर्धोक ने-आण करू शकेल असं सर्वांत लहान गेज हेच, हे मत त्याने पुढे आयुष्यभर हिरिरीने मांडलं.

बसता येईल अशा छोट्या रेल्वेची सगळी अडचण या अनुभवात आहे. खऱ्या गाडीची एक-अष्टमांश प्रतिकृती करायची ठरवली, तर लांबी, रुंदी आणि उंची आठ पटींनी घटतात. वजन मात्र आठ गुणिले आठ गुणिले आठ, म्हणजे ५१२ पटींनी घटतं. ४० टनांचा डबा या हिशेबाने ७८ किलोंचा होतो. त्यावर बसणारा ६५ किलोंचा माणूस आहे तेवढाच राहतो. डब्याच्या बाजूने पाहिलं तर ४० टनी डब्याच्या टपावर ३३ टनांचं एकच ओझं ठेवल्यासारखं झालं. आणि हे ओझं जिवंत आहे. ते मागे वळून मित्राशी बोलतं, फोटोसाठी बाजूला झुकतं, हातातून सुटलेला रुमाल पकडायला वाकतं. खऱ्या रेल्वेत ७२ जणांचा डबा भरला तरी प्रवाशांचं एकूण वजन पाच टनांच्या आसपास असतं. त्यातला एखादा खिडकीकडे सरकला तर डब्याला ते जाणवतही नाही.

आज हौशी मंडळींमध्ये सव्वासात इंच गेज (१८४ मिलिमीटर) खूप चालतं. त्यावरचं एक साधं गणित करून पाहण्यासारखं आहे. वळणाची त्रिज्या १५ मीटर धरली, बसलेल्या माणसासकट डब्याचा गुरुत्वमध्य रुळांपासून ६० सेंटिमीटर उंचीवर धरला आणि बाहेरचा रूळ मुद्दाम उचललेला नाही असं मानलं, तर ताशी १७ किलोमीटरच्या आसपास आतल्या बाजूची चाकं रुळावरून उचलायला लागतात. शाळेत जाणारा पोरगा सायकलवर एवढा वेग सहज गाठतो. त्यात प्रवासी बाहेरच्या अंगाला झुकला तर हा आकडा आणखी खाली येतो. म्हणून जाणते चालक अशा वळणावर सहसा ताशी आठ-दहा किलोमीटरच्या वर जात नाहीत.

हेवूडने हे सगळं कागदावर मांडण्याआधी जमिनीवर करून पाहिलं. डफिल्डचा त्याचा मार्ग जेमतेम मैलभराचा, पण त्यात तीन बोगदे होते, ९१ फूट लांबीचा उंच पूल होता, सहा स्थानकं होती. चढ काही ठिकाणी दहा फुटांना एक फूट इतका तीव्र. वळणं अवघ्या २५ फूट त्रिज्येची. असल्या वळणावर इंजिनाची सगळी चाकं एकाच ताठ चौकटीत जखडलेली असली, तर पुढच्या चाकाची आतली कड, जिला फ्लँज म्हणतात, बाहेरच्या रुळाला तिरकी घासत राहते आणि संधी मिळताच रुळावर चढते. १८७५ सालचं त्याचं पहिलं इंजिन ‘एफी’ चार चाकांचं होतं. १८८१ मधलं ‘एला’ सहा चाकांचं, १८९४ मधलं ‘म्युरिएल’ आठ चाकांचं. चाकं वाढवायची आणि तरी वळण घेता यायचं, यासाठी त्याने टोकाच्या आसांना थोडं फिरता येईल आणि मधल्यांना आडवं सरकता येईल अशी रचना बसवली. ती आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. या एवढ्याशा रेल्वेवर जेवणाचा डबा होता, झोपायचा डबाही होता.

हे सारं खेळणं म्हणून केलेलं नव्हतं. शेतं, खाणी, मोठ्या जमिनदाऱ्या आणि सैन्य यांना स्वस्तात वाहतूक मिळावी हा हेवूडचा हेतू होता. त्याने ‘मिनिमम गेज रेल्वेज’ हे पुस्तक लिहिलं, आणि १८८१ व १८९४ साली आपली रेल्वे लोकांना पाहायला खुली केली. सैन्याने फारसा रस दाखवला नाही. एकच मोठं काम मिळालं: ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरच्या ईटन हॉल या वाड्याला मुख्य रेल्वेशी जोडणारा तीन मैलांचा मार्ग. १८९६ पासून त्यावरून वाड्याचा कोळसा येऊ लागला. हेवूडचा स्वभाव असा की हाती घेतलेलं काम मुळापासून करायचं. चर्चच्या घंटा वाजवणाऱ्यांची देशव्यापी परिषद १८९१ मध्ये उभी केली तीही त्यानेच. त्याच्या रेल्वेच्या लिखाणात इंजिनाइतकंच लक्ष स्लीपर, सांधे आणि रुळांच्या जोडांकडे दिलेलं आहे. छोट्या गाडीचं भवितव्य रुळांवर ठरतं हे इतक्या लवकर ओळखणारा माणूस म्हणून तो मोठा वाटतो.

हा काळ मराठी वाचकाच्या ओळखीच्या एका रेल्वेशीही जोडलेला आहे. त्याच दशकात लीड्सजवळच्या न्यूले इथे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियरने अडीच फुटी गेजचा मार्ग तात्पुरता टाकून आपली गाडी लोकांना चालवून दाखवली. इंजिन असो वा वाघीण, कुठल्याच आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, भार सगळीकडे सारखा वाटायचा, म्हणजे हलक्या रुळांवरूनही भरलेली गाडी निर्धास्त जाते, असं त्याचं सूत्र होतं. तीच गाडी म्हणजे आपली बार्शी लाईट. १८९७ मध्ये ती बार्शी रोड, म्हणजे आताचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली. पुढे पंढरपूरला पोचली आणि वारकऱ्यांनी भरलेल्या गाड्या त्या हलक्या रुळांवरून धावल्या. बार्शी लाईट ही पुऱ्या कामाची रेल्वे, हौसेशी तिचा संबंध नाही. पण रेल्वे किती लहान आणि किती हलकी केली तरी रुळांवर टिकते, या प्रश्नावर डर्बीशरमधला जमीनदार आणि बार्शीच्या रेल्वेचा जनक एकाच वेळी झटत होते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला १५ इंची गेज शेतांतून निघून समुद्रकिनाऱ्यावर गेलं. नॉर्दॅम्प्टनचा खेळण्यांचा व्यापारी बॅसेट-लोक आणि त्याचा अभिकल्पक हेन्री ग्रीनली यांनी १९०५ साली ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर ‘लिटल जायंट’ हे इंजिन धावतं केलं. सुट्टीला आलेल्या माणसांना पैसे देऊन छोट्या गाडीत बसायला आवडतं हे सिद्ध झालं. रॅव्हनग्लास इथल्या बंद पडलेल्या तीन फुटी मार्गावर १९१५ मध्ये बॅसेट-लोकच्या पुढाकाराने १५ इंची रूळ पडले. १९२७ मध्ये केंट परगण्यात रॉम्नी, हाइथ अँड डिमचर्च ही रेल्वे सुरू झाली. तिची कल्पना मोटारींच्या शर्यतीत भाग घेणाऱ्या दोन धनिकांची. त्यांतला एक, काउंट झ्बोरोवस्की, १९२४ मध्ये मॉन्झाच्या शर्यतीत मरण पावला; दुसऱ्याने, कॅप्टन हावीने, ती पुरी केली. साडेतेरा मैलांचा तो मार्ग आजही चालू आहे.

खरी उलथापालथ मात्र याहून कितीतरी लहान गेजवर झाली, आणि ती घडवणारा माणूस श्रीमंत नव्हता. १८८३ साली जन्मलेल्या कर्ली लॉरेन्सने तरुणपणी लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेत इंजिनावर काम केलं होतं. त्या कंपनीची आद्याक्षरं, एलबीएससी, हेच त्याने टोपणनाव घेतलं आणि ‘मॉडेल इंजिनियर’ या १८९८ पासून चालत आलेल्या नियतकालिकात चार दशकांहून जास्त काळ लिहिलं. त्या वेळी जाणकारांचा समज असा, की अडीच इंच गेजचं इंजिन फार तर स्पिरिटच्या दिव्यावर वाफ धरेल आणि टेबलावर फिरेल. लॉरेन्स म्हणत होता की खऱ्या इंजिनासारखा बॉयलर नीट मापात केला तर एवढंसं इंजिनसुद्धा कोळशावर चालेल आणि माणसं ओढेल. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला या वादाने इतका जोर धरला की त्याला ‘बॉयलरांची लढाई’ असं नाव पडलं. लॉरेन्सच्या ‘आयेशा’ या इंजिनाने अडीच इंच रुळांवर धडधाकट माणसं ओढून दाखवली आणि वाद निकालात निघाला.

त्याने लेखमालांतून इंजिनाचा एकेक भाग कसा करायचा ते इतक्या सोप्या भाषेत सांगितलं, की एक लेथ आणि चिकाटी असलेला कामगारही घरच्या शेडमध्ये इंजिन उभं करू शकला. ‘टिच’ हे त्याचं साडेतीन इंची इंजिन आजही नवशिके करायला घेतात. ही विद्या बड्या घरांच्या आवारातून काढून गिरणी-कारखान्यातल्या माणसाच्या हाती देणं, ही लॉरेन्सची कामगिरी हेवूडच्या कामगिरीपेक्षा कमी नाही.

पण वीतभर गेजवर तोल जातो असं हेवूडला दिसलं होतं. मग अडीच, साडेतीन, पाच इंचांवर माणसं बसली कशी? उत्तर रूळ उंच उचलण्यात सापडलं. जमिनीपासून दीड-दोन फूट उंचीच्या खांबांवर आणि तुळयांवर रूळ टाकायचे. डबा म्हणजे एक लांब, अरुंद बाक. प्रवासी घोड्यावर मांड टाकावी तसा त्यावर बसतो आणि त्याची पावलं दोन्ही बाजूंना रुळांच्या पातळीच्या खाली असलेल्या पट्ट्यांवर टेकतात. पाय खाली गेले की गुरुत्वमध्यही खाली येतो. काही क्लबांनी तुळईच्या बगलेत आणखी एक लोखंडी पट्टी बसवली आणि डब्याला तिच्याखाली अडकणारा आकडा लावला, म्हणजे डबा कलला तरी उलटत नाही. सव्वासात इंचाच्या गाड्या मात्र जमिनीवरच्या रुळांवर चालतात, आणि तिथे बाकाची उंची इंचाइंचाने भांडून कमी करावी लागते. हेवूडच्या मताशी याचा विरोध नाही. उभा राहणारा, इकडेतिकडे फिरणारा, गाडीकडे लक्ष नसलेला प्रवासी त्याने बहुधा गृहीत धरला होता. लहान गेजवर बसणाऱ्याला गाडीचा भाग होऊन बसावं लागतं.

अमेरिकेत ही हौस पसरली तेव्हा तिला सर्वांत प्रसिद्ध भक्त मिळाला तो वॉल्ट डिस्ने. १९४८ मध्ये तो आपल्या स्टुडिओतल्या वॉर्ड किंबॉल या चित्रकारासोबत शिकागोचं रेल्वे प्रदर्शन पाहायला गेला आणि परतल्यावर त्याने स्वतःची गाडी करायला घेतली. सेंट्रल पॅसिफिक रेल्वेच्या १७३ क्रमांकाच्या जुन्या इंजिनाचे आराखडे मिळवले आणि एक-अष्टमांश मापाचं, सव्वासात इंच गेजचं इंजिन स्टुडिओच्या यंत्रशाळेत रॉजर ब्रॉगीच्या देखरेखीखाली तयार झालं. डिस्ने स्वतः तिथे शिकाऊ कामगारासारखा उभा राहायचा. शेवटचा गार्डचा डबा त्याने बहुतांशी आपल्या हाताने केला. इंजिनाला पत्नी लिलियनच्या नावावरून ‘लिली बेल’ म्हटलं गेलं.

लॉस एंजेलिसच्या होम्बी हिल्स भागात कॅरोलवुड ड्राइव्हवर डिस्नेचं नवं घर होत होतं. आवारातून रूळ न्यायचे तर घरच्यांची संमती हवी, म्हणून त्याने पत्नी आणि दोन मुलींशी कायदेशीर भाषेतला रस्त्याच्या हक्काचा करारनामा केला. लिलियनची फुलबाग विस्कटू नये म्हणून बागेखालून ९० फुटांचा बोगदा खणला आणि तो मुद्दाम वळणदार ठेवला, म्हणजे आत शिरताना पलीकडचं तोंड दिसू नये. ४६ फुटांचा लाकडी पूल, एकूण २,६१५ फूट रूळ. मे १९५० मध्ये ‘कॅरोलवुड पॅसिफिक’ सुरू झाली. डिस्ने कोळशाच्या टेंडरवर बसून गाडी हाकायचा आणि पाहुणे मालडब्यांवर मांड टाकून मागे बसायचे. चित्रकार साल्वादोर दालीसुद्धा त्या गाडीत बसला.

१९५३ च्या वसंतात एका पाहुण्याच्या हाती इंजिन दिलेलं असताना त्याने वळण फार वेगात घेतलं. इंजिन घसरलं, आडवं झालं आणि शिट्टीचा नळ तुटला. तुटलेल्या तोंडातून वाफेचा झोत बाहेर पडू लागला. काय झालं ते बघायला पाच वर्षांची एक मुलगी धावत जवळ आली आणि तिच्या पायांना वाफ लागली. भाजणं गंभीर नव्हतं. तरीही डिस्नेने गाडी त्यानंतर चालवली नाही. इंजिन उचलून स्टुडिओत ठेवून दिलं.

या अपघाताकडे नीट पाहण्यासारखं आहे. घसरणीने कोणालाच इजा झाली नव्हती. इजा झाली ती घसरल्यानंतर. वाफेचं इंजिन रुळावरून उतरलं तरी त्याच्या पोटात आग असते, दाब असतो आणि उकळतं पाणी असतं. ते आडवं झालं की पाणी एका अंगाला जातं, भट्टीचा माथा उघडा पडतो आणि तापून लाल होऊ शकतो. म्हणून आज जाणता चालक अशा वेळी आधी माणसं दूर करतो, मग बॉयलरच्या काचनळीतली पाण्याची पातळी पाहतो, आणि पातळी दिसत नसेल तर इंजिन उचलण्याचा विचार न करता जाळीवरची आग खाली पाडतो. बघ्यांना, विशेषतः मुलांना, लांब ठेवण्यासाठी गार्ड वेगळा लागतो. कॅरोलवुडच्या त्या फेरीत असा गार्ड असता तर ती मुलगी कदाचित भाजली नसती. डिस्नेची रेल्वेची ओढ पुढे डिस्नेलँडमध्ये उतरली. १७ जुलै १९५५ ला ते उद्यान उघडलं तेव्हा त्याच्या भोवती तीन फुटी गेजची रेल्वे धावत होती. तिथे प्रवासी डब्याच्या आत बसत होते आणि इंजिन पगारी चालकांच्या हाती होतं.

गाड्या घसरण्याची कारणं मात्र वेगापुरती नसतात. सव्वासात इंच गेजच्या चाकाची कड जेमतेम पाच मिलिमीटरची. खऱ्या गाडीची त्याच्या पाचपट-सहापट. माणसासारखाच खडाही प्रतिकृतीच्या प्रमाणात लहान होत नाही. हरभऱ्याएवढी खडी रुळावर आली, सांध्याच्या खाचेत एक बी अडकलं, वाऱ्याने काडी पडली, की चाक चढतं. ऊनही लहान होत नाही. बऱ्याच हौशी मार्गांवर ॲल्युमिनियमचे रूळ असतात, कारण ते हलके आणि न गंजणारे. पण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. ३० मीटर सलग रूळ पहाटेपासून दुपारपर्यंत ३० अंशांनी तापला तर सुमारे दोन सेंटिमीटर वाढतो. जोडांत तेवढी फट ठेवली नसेल तर रूळ बाजूला फुगतो आणि सकाळी ठीक असलेल्या जागी दुपारी गाडी उतरते.

सर्वांत फसवं कारण म्हणजे रुळांचा पीळ. एक रूळ डब्याच्या पुढच्या चाकाखाली दोन मिलिमीटर खाली गेलेला असला आणि डब्याची चौकट ताठ असली, तर चारपैकी एक चाक अधांतरी राहतं. वजन नसलेलं चाक वळणावर अलगद रुळावर चढतं. खऱ्या रेल्वेत दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही; इथे ते चाकाच्या कडेच्या निम्म्याला भिडतात. यावरचा उपाय इंजिनियरांनी फार आधी शोधून ठेवला आहे: डब्याच्या एका बोगीला, म्हणजे त्याच्या टोकाखालच्या चाकांच्या चौकटीला, दोन्ही बाजूंना डोलायची मोकळीक द्यायची, दुसरीला कमी, म्हणजे डबा तीन पायांच्या तिवईसारखा कुठेही टेकतो. नवशिक्याच्या डब्यात नेमकी हीच गोष्ट राहून जाते.

मग गाडी कशी जोडायची हा प्रश्न. भरलेले डबे मागे आणि रिकामे, हलके डबे इंजिनाजवळ ठेवले, तर वळणावर ओढ बसताच मधले हलके डबे वळणाच्या आतल्या बाजूला सरळ रेषेत खेचले जातात आणि उतरतात. उलट दिशेने ढकलताना तेच डबे बाहेर फुगतात. म्हणून जड माणसं पुढे, रिकामा डबा सगळ्यात शेवटी, आणि माणसं बसलेली गाडी ढकलायची वेळ येऊ नये म्हणून मार्ग वर्तुळाकार. चढणीच्या मध्यावर झटका देऊन निघू नये, उताराच्या शेवटी एकदम ब्रेक दाबू नये. डब्यांमधल्या जोडण्या साखळीच्या न ठेवता ताठ दांड्यांच्या ठेवतात, म्हणजे डबे एकमेकांवर आदळत नाहीत; साखळी वेगळी असते, दांडी निसटली तर डबा सुटून जाऊ नये म्हणून.

इतकं करूनही डबा उतरतोच. त्या क्षणी गार्डचं पहिलं काम चालकाला थांबवण्याचं. उतरलेलं चाक स्लीपरवरून ठक-ठक करत येतं, आणि तो आवाज लांबच्या गाडीत इंजिनापर्यंत पोचत नाही. प्रवाशांनी उडी मारायची नसते; उडी मारणाऱ्या माणसाच्या धक्क्याने शेजारचा डबाही कलतो. गाडी पूर्ण थांबल्यावर एकेकाला उतरवायचं. डबा ४०-५० किलोंचा, दोघांनी उचलून ठेवण्यासारखा. इंजिन मात्र दोन-तीनशे किलोंच्या पुढे. त्याला जॅक, पहार आणि लाकडाचे ठोकळे लागतात आणि हात रूळ व चाकाच्या मधे कधीही घालायचा नसतो.

डबा रुळावर ठेवायची घाई झाली की पुरावा पुसला जातो. कसलेला माणूस आधी मागे चालत जातो. जिथे कड रुळाच्या माथ्यावर चढली तिथे बारीक चमकदार ओरखडा असतो; तो माथ्यावरून तिरका जातो आणि जिथे चाक पलीकडे पडलं तिथे संपतो. पुढच्या स्लीपरवर पडल्याच्या खुणा. चढण्याची जागा आणि पडण्याची जागा या दोन्हींवर खडूने खूण करायची. मग त्या ठिकाणचं गेज मोजायचं, लेव्हल लावून दोन्ही रुळांची उंची पाहायची आणि घसरलेल्या चाकांच्या जोडीतलं आतलं अंतर मोजायचं. मोठ्या रेल्वेतली अपघात चौकशी हेच करते. फरक इतकाच, की क्लबमध्ये चौकशी करणारा, गँगमन आणि चालक हे बहुतेक वेळा एकच गृहस्थ असतात आणि शनिवारची सुट्टी खर्चून ते हे काम मनापासून करतात.

हे काम कागदावरच राहिलं तर काय होतं, ते अमेरिकेतल्या स्पार्टनबर्ग शहराने पाहिलं. १९ मार्च २०११ रोजी तिथल्या क्लीव्हलंड पार्कमधली मुलांची छोटी गाडी घसरली. सहा वर्षांचा एक मुलगा गेला, वीसहून अधिक जण जखमी झाले. त्यानंतर सरकारी तपासनीसाने कबूल केलं, की तपासणीच्या दिवशी गाडीची बॅटरी उतरलेली असल्यामुळे त्याने ती चालवून पाहिलीच नव्हती, तरी अहवाल ठीक म्हणून भरला होता. गाडी छोटी आहे, मुलांची आहे, म्हणून तिचे नियमही हलके, ही समजूत जीवघेणी आहे. छोट्या गाडीत सुटायला जागा कमी असते, हे वरच्या सगळ्या आकड्यांवरून दिसतंच.

महाराष्ट्रात या गाड्या उद्यानांतून लोकांच्या जिव्हाळ्याच्या झाल्या. पुण्याच्या पेशवे पार्कातली फुलराणी १९५६ पासूनची. तिच्यात बसलेल्या मुलांची नातवंडंही पुढे तिच्यात बसली. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या वनराणीचा मार्ग मे २०२१ च्या तौक्ते वादळात खराब झाला आणि गाडी बरीच वर्षं बंद राहिली. माथेरानची दोन फुटी गाडी खेळणं नव्हे, १९०७ पासूनची डोंगरी रेल्वे. ती मे २०१६ मध्ये एकामागून एक घसरली तेव्हा सेवाच थांबवावी लागली. पुण्यातच कोथरूडला १९९८ पासून जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथल्या गाड्यांत कोणी बसत नाही, पण सिग्नल, सांधे आणि वेळापत्रक यांची शिस्त तिथे मुलांना डोळ्यांनी दिसते. स्वतः इंजिन घडवून, स्वतः रूळ टाकून आठवड्याच्या सुट्टीला माणसं फिरवणाऱ्या क्लबांची प्रथा मात्र आपल्याकडे रुजली नाही. लेथ चालवणारे हात पुणे, पिंपरी, कोल्हापूर, किर्लोस्करवाडी इथे कमी नाहीत. ही हौस आपल्या मातीत सहज वाढेल अशी आहे.

ती किती वाढू शकते याचा नमुना अमेरिकेच्या ओरेगन राज्यात, चिलोक्विन गावाजवळ आहे. १९८७ मध्ये सुरू झालेल्या ट्रेन माउंटन या ठिकाणी पाइनच्या जंगलातून साडेसात इंच गेजचे ५० किलोमीटरहून जास्त रूळ टाकलेले आहेत. २००४ मध्ये गिनीज बुकाने जगातली सर्वांत लांब हौशी छोटी रेल्वे म्हणून तिची नोंद केली. तिथे रुळांचे तयार तुकडे साच्यावर जोडून मग जंगलात नेऊन बसवतात, त्यामुळे गेज सगळीकडे सारखं राहतं. पाइनची बोंडं आणि सुया रुळांवर पडतच राहतात, हिवाळ्यातल्या बर्फाने भराव हलतो, आणि मोठ्या मेळाव्याआधी स्वयंसेवकांच्या टोळ्या खडी भरायला, लेव्हल लावायला आणि सांधे साफ करायला जंगलात पसरतात. मग दूरदूरच्या राज्यांतून माणसं आपापली इंजिनं ट्रेलरवर लादून तिथे पोचतात.